आपल्यावाचून अडू देऊ नका

मानसिक आरोग्याच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी विचारते : उद्यापासून तुम्ही रुग्णाच्या घरी गेलाच नाहीत, तर गोळी कोण देणार? बहुतेक जण गोंधळतात. ते कुणाच्या तरी उपयोगी पडायला आलेले असतात आणि मी त्यांच्याशी निघून जाण्याबद्दल बोलत असते. पण बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर आणि घाटाखाली, मी रुग्णांचे जे हाल पाहिले, त्यांतले कितीतरी मनापासून राबणारा कार्यकर्ता एकाएकी दिसेनासा झाल्यामुळे झाले होते. आपल्या नेमणुका अकरा महिन्यांच्या. प्रकल्प निधी असेतोवर. आजार मात्र वर्षानुवर्षांचा.

घाटावरच्या एका गावात एक तरुण होता. त्याला आवाज ऐकू येत, रात्ररात्र तो शिवारात फिरे. घरच्यांनी त्याला आधी सैलानीच्या दर्ग्यावर नेले, मग आमच्याकडे आणले. गोळ्या लागू पडल्या आणि तो सोयाबीनच्या सोंगणीला जाऊ लागला. त्या प्रकल्पाची रीत अशी होती, की कार्यकर्त्यानेच चिठ्ठी न्यायची, गोळ्या आणायच्या आणि घरपोच द्यायच्या. घरच्यांचा हेलपाटा वाचे, मजुरी बुडत नसे, शिवाय अहवालातला आकडाही चांगला दिसे. त्याची आई म्हणायची, "ताई, तुम्हीच देत जा, मले त्यातलं काई समजत नाई." मार्चअखेर निधी संपला. पेरणीच्या धांदलीत गोळ्या संपल्या. गोळीचे नाव घरात कुणाला माहीत नव्हते, डॉक्टर कोणत्या वारी बसतात तेही नाही, आणि केसपेपर कार्यालयाच्या कपाटात. पोळ्याच्या सुमारास पोरगा घरातून निघून गेला. सापडला, पण फार हाल होऊन. पुन्हा सावरायला त्याला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त काळ लागला.

तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत त्या घरातला दुसरा माणूस शोधते. आई, भावजय, चुलता, शेजारची शिकलेली सून, कुणीही चालते. ओपीडीच्या रांगेत मी सोबत उभी राहते, पण केसपेपर त्यांच्याच हातात ठेवते आणि डॉक्टरांना प्रश्न त्यांनाच विचारायला लावते. वेळ लागतो. मावशी आधी पदर तोंडाला लावून मागे सरतात. सरू द्या. तिसऱ्या खेपेला त्याच म्हणतात, "डॉक्टरसाहेब, या गोळीनं त्याचे हात कापतात." अचूक निरीक्षण असते ते, आणि आपल्या वहीतल्या चार पानांपेक्षा डॉक्टरांना जास्त कामाचे. आजार परत डोके वर काढतो, तेव्हा आधी काय बदलते हेही त्यांनाच ठाऊक असते : झोप उडते, जेवताना संशय येतो, अंघोळ टळते. प्रत्येकाची खूण वेगळी. ती त्यांच्याच शब्दांत लिहून घरात ठेवा. आणि बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे प्रत्येक भेटीत सांगा, अगदी कंटाळा येईपर्यंत.

गावातल्या माणसांना शिकवले की फरक पडतो, हे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात सिद्ध झालेले आहे. 'विश्राम' या प्रकल्पात ३० गावांमध्ये स्थानिक कार्यकर्ते तयार केले गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते : शिकलेला माणूस गावचाच असेल, तर प्रकल्प संपल्यावरही तो गावातच असतो. म्हणून आशाताईंना बाजूला ठेवून काम करू नका. त्यांच्यावर आधीच किती ओझे आहे याची मला कल्पना आहे. पण बाळंतपणे, लसीकरण या निमित्ताने घराघरात त्यांचा पाय असतो, आणि कोणत्या घरात चूल पेटली नाही हे त्यांना आपल्या आधी कळते.

सैलानीबद्दल नव्या मुलांचा फार त्रागा होतो. पिंपळगाव सराईजवळच्या या दर्ग्यावर होळीला नारळांची होळी पेटते, मोठी यात्रा भरते आणि बाधा झाली म्हणून अनेक मनोरुग्ण आणले जातात. काहींना तिथेच सोडून दिले जाते. चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ येथे सेवासंकल्प प्रतिष्ठानात नंदकुमार आणि आरती पालवे अशा बेवारस मनोरुग्णांना सांभाळतात. नव्या कार्यकर्त्याने ते काम एकदा जवळून पाहावेच. पण श्रद्धेशी भांडून रुग्ण औषधाकडे येत नाही. "दुवा घ्या, गोळी चुकवू नका," एवढेच मी म्हणते. साखळदंड दिसला, तर मात्र गप्प बसायचे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवलेल्या जागेला २००१ च्या ऑगस्टमध्ये आग लागली, तेव्हा साखळ्यांत अडकलेल्यांना पळता आले नाही. २८ जण गेले.

एकमेव आधार होण्याचा मोह सर्वांत जास्त होतो तो जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाजवळ. सावकाराचे व्याज, बसलेला पाऊस, पडलेला भाव हे सगळे सांगून झाल्यावर तो म्हणतो, "कोणाले सांगू नका." हे वचन कधीही देऊ नका. सांगा, की तुमची खासगी गोष्ट गावभर होणार नाही, पण तुमच्या जिवासाठी आणखी एका माणसाला सांगावेच लागेल. तो कोण, ते आपण दोघे मिळून ठरवू. त्याच बैठकीत घरातल्या फवारणीच्या औषधाची चौकशी करा. कुलपावर विसंबू नका. श्रीलंकेत गावोगावी कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, त्याने विषबाधेचे प्रकार घटले नाहीत. घातक कीटकनाशकांवर बंदी आली तेव्हा मृत्यू घटले. कुलूप असले तरी किल्ली घरातच राहते. डबे घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात जायला हवेत. टेलिमानस या दूरध्वनी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये त्याच वेळी भरून द्या. तिथे रात्रीही मराठीत बोलता येते. प्रयत्न होऊन गेलेला असेल, तर पोलिसांच्या भीतीने घरचे तो लपवतात. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ असा माणूस तीव्र तणावाखाली असल्याचे मानते आणि सरकारवर त्याच्या उपचारांची जबाबदारी टाकते, हे त्यांना समजावून सांगा.

रात्री-अपरात्री तुमचाच फोन वाजत असेल, तर त्याचा अभिमान बाळगू नका. आठवड्यातून एकदा तरी वरिष्ठापाशी किंवा सहकाऱ्यापाशी मन मोकळे करा. ज्या संस्थेत तशी सोय नाही, तिथे ती मागून घ्या.

आणि नेमणुकीची मुदत संपायला दोन महिने उरले, की निरोपाचे काम सुरू करा. दुसरा कार्यकर्ता येणार असेल, तर त्याला सोबत घेऊन प्रत्येक घरी जा. येणार नसेल, तर रुग्णांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात देऊन पोच घ्या, आशाताईंना घर दाखवा. केसपेपरची मूळ प्रत घरच्यांकडेच हवी. शेवटच्या महिन्यात गोळ्या आणायला त्यांना एकट्यांनाच पाठवा आणि तुम्ही गावातच थांबा. कुठे अडले, ते परत आल्यावर विचारा. ती अडचण सोडवायला तुमच्या हाती अजून काही दिवस असतील.