बाळाची नजर

अगं, रात्री बाळाची बुबुळं वर गेली म्हणून घाबरून मला उठवलंस ना, ती झोप होती. झोपेत पापण्या अर्धवट उघडतात, बुबुळं फिरतात, ओठ हसतात. सटवाई हसवते म्हणतात ते हेच.

अजून ३ आठवड्यांचा आहे तो. वीत-दीड वीत अंतरावरचंच काय ते नीट दिसतं त्याला, म्हणजे अंगावर पिताना तुझा चेहरा. दोन्ही डोळे जोडीनं फिरवायला तो अजून शिकतोय, म्हणून मधूनच एक बुबुळ नाकाकडे पळतं. ३ महिन्यांपर्यंत ते थांबायला हवं. चौथा सरला तरी पळत राहिलं, किंवा आत्ताच एक डोळा कायम वाकडा दिसला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. कुणी म्हणेल, चकणा भाग्याचा असतो. ऐकून घे आणि जा. वाकड्या डोळ्याकडून मेंदू काम घेईनासा होतो, मग ती नजर मंद होते.

काजळ नको. तीट तळपायाला लाव.

आता नीट ऐक. माझ्या जावेचं बाळ ५ महिन्यांचं होतं. झोपेतून उठलं की मान पुढे टाकायचं, हात उडवायचं, डोळे वर न्यायचं. क्षणभर थांबून पुन्हा तेच, असं ओळीनं दहा-दहा वेळा. वायू धरलाय म्हणून आम्ही बेंबीभोवती हिंग लावत दीड महिना काढला. त्या आकड्या होत्या. बसायला, बोलायला ते पोर फार मागे पडलं. तो दीड महिना मला अजून झोपू देत नाही. तसं काही दिसलं तर मोबाइलवर चित्रण कर आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखव. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ शांत झालेलं असतं, सांगून कळत नाही.

बुबुळं सारखी थरथरणं, टाळू फुगून डोळे खाली ओढल्यासारखे दिसणं, फोटोत बाहुली पांढरी चमकणं, यातलं काहीही दिसलं तरी थांबायचं नाही.

आणि तुझ्या नणंदेचं बाळ ३२ आठवड्यांचंच आलंय ना? ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा २ किलोखालचं बाळ दिसायला कितीही गोंडस असो, ३० दिवसांच्या आत त्याच्या डोळ्यांचा पडदा तपासावाच लागतो. बाहेरून त्यातलं काही कळत नाही. २० दिवस झाले असतील त्या बाळाला. फोन दे इकडे, मीच बोलते.