स्थौल्य-शस्त्रकर्मोत्तर विषाद : वैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चारोटी परिसरातून स्थौल्याच्या शस्त्रकर्मासाठी मोठ्या शहरात गेलेला रुग्ण काही दिवसांत घरी परततो. शस्त्रकर्म झालेले रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर राहते. पुढील काही महिन्यांत झोप उडाली, मन लागेनासे झाले, की तो प्रथम गावातील वैद्याकडेच येतो. कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात ‘खाऊन आलेला आजार’ म्हणून त्याला सहानुभूतीही कमीच मिळते. अशा रुग्णाच्या विषादाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संप्राप्तिविचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूल व अतिकृश यांचा एकत्र विचार आहे. शस्त्रकर्मानंतर रुग्ण काही महिन्यांतच पहिल्या अवस्थेकडून दुसऱ्या अवस्थेच्या दिशेने सरकतो. वजनकाटा अद्याप स्थौल्य दाखवीत असला, तरी धातूंच्या दृष्टीने तो अपतर्पित असतो. संतर्पणीय अध्यायात अपतर्पणजन्य विकारांत उन्मादाची गणना आहे, तर विषाद हा वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांपैकी एक आहे. रोग वाढविणाऱ्या भावांत विषाद अग्रणी होय, असेही चरकाचार्य सांगतात.

स्लीव्ह शस्त्रकर्मात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढला जातो. बायपासमध्ये लहान आतड्याचा आरंभीचा भागही वगळला जातो. त्यामुळे बी-१२, लोह, फॉलिक आम्ल, ड जीवनसत्त्व व थायमिन यांची न्यूनता संभवते. यांतील अनेक न्यूनता थकवा, विस्मृती व उदासीनता निर्माण करतात. शाकाहारी रुग्णात बी-१२ मुळातच अल्प असू शकते.

मानस हेतूही दुर्लक्षणीय नाहीत. दुःख गिळण्यासाठी आजवर जो आहाराचा आधार होता, तो एकाएकी जातो. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा असो वा घरचे लग्न, पंगतीत चार घासांवर थांबणारा मनुष्य एकाकी पडतो. वजन उतरले म्हणजे संसारातील सर्व प्रश्न सुटतील, ही अपेक्षाही भंगते. शस्त्रकर्माचा विचार करणाऱ्यांपैकी सुमारे १९ टक्के व्यक्तींत नैराश्य आधीपासूनच असते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात आढळले.

धोक्याची लक्षणे

बहुसंख्य रुग्णांचे मन पहिल्या वर्षात सुधारते. म्हणूनच ज्याचे खालावते, तो नजरेतून निसटतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या पाहणीत आत्मइजेच्या तातडीच्या घटना शस्त्रकर्मापूर्वीच्या तुलनेत सुमारे दीडपट झाल्या, व त्यांपैकी बहुतांश दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील होत्या. तेव्हा ‘आता वर्ष उलटले’ म्हणून निश्चिंत राहू नये.

वारंवार छर्दी होत असून संभ्रम, चालताना तोल जाणे किंवा दुहेरी दिसणे आढळल्यास थायमिनची तीव्र न्यूनता समजावी. ही तातडीची अवस्था होय. रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. थायमिन देण्यापूर्वी ग्लुकोजची सलाईन लावू नये.

गोड पदार्थ, अगदी अधिक प्रमाणात चिकूसुद्धा, खाल्ल्यावर घाम, धडधड व गळून गेल्यासारखे वाटणे हा केवळ घाबरटपणा नसतो. शर्करा आतड्यात वेगाने उतरल्याने तसे होते. ताडी व मद्य यांचा अंमलही बायपासनंतर लवकर व तीव्र चढतो. त्याविषयी स्पष्ट विचारावे.

चिकित्सासूत्र

१. लंघन, रूक्षण, वमन व तीक्ष्ण विरेचन वर्ज्य समजावे. वजन अधिक वेगाने उतरावे म्हणून रुग्णाने मागितली, तरी मेदोहर औषधे देऊ नयेत.

२. संतर्पण क्रमाक्रमाने करावे. अल्प मात्रेत, वारंवार व प्रथिनयुक्त आहार द्यावा. एका वेळी अधिक काढा किंवा मोठ्या मात्रेचे स्नेहपान देऊ नये.

३. शस्त्रकर्मकर्त्याने दिलेली जीवनसत्त्वे बंद करू नयेत. रक्ततपासणी वेळच्या वेळी करवून घ्यावी.

४. नैराश्याची औषधे चालू असल्यास ती परस्पर थांबवू नयेत. बायपासनंतर काहींचे शोषण घटते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञास कळवावे. मेध्य रसायनांचा विचार सर्व चालू औषधे पाहूनच करावा.

५. सत्त्वावजय येथे मुख्य आहे. नियमित भेट, कुटुंबीयांशी संवाद, दिनचर्या व सोसेल इतके चालणे यांची योजना करावी.

प्रत्येक भेटीत दोन प्रश्न विचारावेत : गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते काय? नेहमीच्या कामांतील गोडी गेली काय? उत्तर होकारार्थी आल्यास जीव नकोसा वाटतो काय, हेही सरळ विचारावे. या प्रश्नाने विचार बळावत नाही. उलट रुग्णास बोलण्यास वाट मिळते. असा विचार व्यक्त झाल्यास रुग्णास एकटे सोडू नये. नातलगांसह कासा किंवा डहाणू येथील शासकीय रुग्णालयात पाठवावे. २०२२ पासून टेली मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

उपसंहार

शस्त्रकर्माने जठर लहान होते. मनाचा भार त्यासोबत आपोआप उतरत नाही. ‘किती किलो उतरले?’ या प्रश्नाआधी वैद्याने ‘मन कसे आहे?’ हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर ऐकण्यास पुरेसा वेळ द्यावा.