संगणकातील ऑफिस-संच काढताना घ्यावयाची काळजी

कार्यालयातील जुने कपाट हलवावयाचे झाल्यास प्रथम त्यातील कागदपत्रे बाहेर काढून घ्यावी लागतात. संगणकातील ऑफिस-संच काढतानाही हाच क्रम पाळावयाचा असतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २०१६ व २०१९ या आवृत्त्यांना कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुना संच काढून नवा, अथवा लिब्रेऑफिससारखा विनामूल्य संच बसविण्याची वेळ अनेक शाळा-कार्यालयांवर येत आहे.

लोधीखेडा (तालुका सौंसर, जिल्हा पांढुर्णा) यांसारख्या सीमाभागातील गावांत मराठी व हिंदी या दोन्ही भाषा चालतात, व दोहोंची लिपी देवनागरीच आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अर्थहीन रोमन अक्षरांत दिसतो. संच काढल्याने फाइली सहसा पुसल्या जात नाहीत. परंतु न वाचता येणारी फाइल असून नसल्यासारखीच होय.

आधी करावयाची कामे : सर्व फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रत करावी. तीत अक्षरे सहसा जशीच्या तशी राहतात. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ प्रतीशी ताडून पाहावा. परवान्याचा क्रमांक लिहून ठेवावा.

विंडोज : पडद्यावरील चिन्ह पुसल्याने संच निघत नाही. ‘सेटिंग्ज’मधील ‘अ‍ॅप्स’ या भागात जाऊन संचाचे नाव निवडावे व ‘अनइन्स्टॉल’ करावे. त्यानंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

मॅक : ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ या फोल्डरमधील चिन्ह कचरापेटीत टाकून ती रिकामी करावी. मायक्रोसॉफ्टचे वर्ड, एक्सेल इत्यादी प्रोग्रॅम वेगवेगळे असल्याने प्रत्येक स्वतंत्रपणे काढावा लागतो.

लिनक्स : उबुंटूसारख्या प्रणालीत सॉफ्टवेअर-केंद्रातून किंवा आज्ञा देऊन संच काढता येतो. ‘रिमूव्ह’ या आज्ञेने प्रोग्रॅम निघतो. ‘पर्ज’ने त्याची प्रणालीतील मांडणीही निघते. वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील कागदपत्रांना दोन्हींचा स्पर्श होत नाही.

नवा संच बसविल्यावर जुन्यांपैकी काही फाइली उघडून पाहाव्यात. तक्ते, पृष्ठांची मांडणी व जोडाक्षरे नीट दिसल्याची खात्री होईपर्यंत पेन ड्राइव्हवरील प्रत पुसू नये. प्रोग्रॅम केव्हाही पुन्हा बसविता येतो. विद्यार्थ्याच्या दाखल्याची किंवा सभेच्या इतिवृत्ताची एकमेव प्रत गेल्यास ती परत मिळत नाही.