कोळशाने चित्र काढताना छाती सांभाळा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. चित्रकला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकणारी एक मुलगी वडिलांबरोबर माझ्या दवाखान्यात आली. पंधरा दिवसांपासून कोरडा खोकला आणि रात्री छातीत शिट्टीसारखा आवाज. लहानपणी तिला दम्याचा त्रास होता, हे मला ठाऊक होते. हवा दमट आहे, जुन्या दुखण्याने उचल खाल्ली असेल, असे समजून मी औषध दिले. आठवड्याने ती पुन्हा आली, तेव्हा औषध बदलले. खोकला होता तिथेच राहिला.

तिसऱ्या खेपेला वडिलांनी खिशातून घडी केलेला रुमाल काढला. थुंकीत काळे डाग होते. "डॉक्टरसाहेब, हे छातीचं मोठं दुखणं तर नाही ना? तसं असेल तर उद्यापासून कॉलेज बंद करतो." मुलगी मान खाली घालून रडत होती. तेव्हा कुठे माझे लक्ष तिच्या बोटांकडे गेले. नखांच्या कडा काळ्या होत्या.

"बाळ, हाताला काय लागलंय?"

"चारकोल, सर. व्यक्तिचित्राच्या तासाला रोज लागतो. घरीही रात्री सराव करते."

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. 'तुम्ही काम काय करता?' हे रोग्याला जरूर विचारा, असा त्यांचा आग्रह होता. त्या ग्रंथात चित्रकारांच्या दुखण्यांविषयीही लिहिले आहे. शेंदूर, हिंगूळ, सफेदा अशा शिशाच्या व पाऱ्याच्या रंगांनी चित्रकार आजारी पडतात, हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. तीनशे वर्षांपूर्वीचा हा धडा मी विसरलो होतो.

खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासलीच पाहिजे. म्हणून तिला सरकारी दवाखान्यात पाठवले. क्षयाचे जंतू सापडले नाहीत. काळे डाग कोळशाच्या भुकटीचे होते.

चित्राचा कोळसा म्हणजे काय? विलोच्या किंवा द्राक्षवेलीच्या बारीक काड्या हवा लागू न देता भाजतात. ही कांडी विषारी नसते. त्रास होतो तो तिच्या धुळीचा. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर १० मायक्रॉनहून लहान कण नाक ओलांडून श्वासनलिकांत उतरू शकतात. निरोगी माणसाच्या श्वासनलिका बरेचसे कण कफाबरोबर वर ढकलून देतात, म्हणून थुंकी एखादा दिवस काळी दिसते आणि काम थांबवले की स्वच्छ होते. दमेकऱ्याच्या श्वासनलिका मात्र त्या धुळीने आवळतात.

मी मुलीला विचारले, "कागदावरची भुकटी कशी काढतेस?" तिने ओठांचा चंबू करून फुंकर मारून दाखवली. खरे दुखणे तिथेच होते. फुंकर मारली की भुकटी उडते आणि पुढच्याच श्वासाबरोबर छातीत जाते. तिला ज्या सवयी सांगितल्या, त्या सर्वच चित्रकारांना उपयोगी आहेत.

१) फुंकर मारू नका. फळा उभा ठेवा आणि खाली ओले वर्तमानपत्र पसरा. भुकटी आपोआप त्यावर पडते.

२) काम झाल्यावर झाडू मारू नका. ओल्या फडक्याने जागा पुसा. खिडक्या उघड्या ठेवा, पण डोक्यावरचा पंखा जोरात लावू नका.

३) दमा असेल तर एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवा. नुसता रुमाल बारीक धूळ अडवत नाही.

४) चित्र पक्के करण्याचा फवारा खोलीत मारू नका. त्यात राळ आणि उडून जाणारी द्रव्ये असतात. गच्चीवर किंवा अंगणात, फवारा वाऱ्याने आपल्यापासून दूर जाईल असे उभे राहा. जवळ शेगडी, दिवा, उदबत्ती नको. तो पेट घेतो. केसांचा स्प्रे वापरणाऱ्यांनीही हेच पाळावे.

५) खडूचे रंग व सुक्या भुकटीचे रंग वापरताना अधिक जपा. काही पिवळ्या, लाल व पांढऱ्या रंगांत शिसे, क्रोमियम किंवा कॅडमियम असते. वेष्टनावरची सूचना वाचा. रंगाच्या हाताने खाऊ नका, ब्रशचे टोक ओठांत धरू नका. असे रंग लहान मुलांच्या हाती देऊ नका.

६) हात साबण-पाण्याने धुवा, टर्पेंटाइन किंवा रॉकेलने नको, त्वचा फुटते. धुतल्यावर थोडे खोबरेल तेल चोळा. डोळ्यांत भुकटी गेली तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा.

काम बंद ठेवूनही थुंकी काळीच राहिली, थुंकीत रक्त दिसले, धाप लागली किंवा वजन घटू लागले, तर लगेच डॉक्टरांकडे जा. दम्याचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका.

वडिलांना मी एवढेच म्हटले, "महिनाभर हे पाळून बघा, मग कॉलेजचं ठरवा." महिन्याने मुलगी आली. रात्रीची शिट्टी थांबली होती. पावसाळ्यात पंप अजून लागतो, तो लागेलच. पण चित्र सुटले नाही. या खेपेला वडिलांनी पिशवीतून गुंडाळलेला कागद काढला. त्यावर कोळशाने त्यांचाच चेहरा काढलेला होता.

माझ्याही दवाखान्यात एक बदल झाला. खोकल्याचा रोगी आला की आता छाती तपासण्याआधी मी त्याचे हात पाहतो.