केळीची भट्टी आणि आपोआप मिटणारी झडप



आपल्या जळगाव जिल्ह्याला केळीचा जिल्हा म्हणतात. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत बघावे तिकडे केळीच केळी. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण बागेतून कापलेला घड हिरवा असतो. तो पिवळा कसा होतो? आणि त्याला लागणारी ऊब आपोआप कशी सांभाळता येते? याची माहिती मी या लेखात देत आहे. थोडी माहिती माझ्या आबांनी, म्हणजे आजोबांनी सांगितली. थोडी गुरुजींनी वाचून दाखवली.

भट्टी म्हणजे काय?

आबा पूर्वी केळीची भट्टी लावायचे. भट्टी म्हणजे एक बंद खोली. खाली केळीचा पाला अंथरायचा, त्यावर घड रचायचे. कोपऱ्यात शेगडीत गोवऱ्या पेटवून धूर करायचा. मग दार बंद करून फटी मातीने लिंपायच्या. उन्हाळ्यात एक दिवस धुरी पुरते, हिवाळ्यात दोन दिवस लागतात. नंतर दार उघडून वारा द्यायचा. मग दोन-चार दिवसांत केळी पिवळी होते.

आबांकडे उष्णता मोजायचे यंत्र नव्हते. ते भिंतीला हात लावून बघायचे आणि धुराचा वास घ्यायचे. रात्री दोनदा-तीनदा उठायचे. कारण आषाढी एकादशीला केळी पिवळी पाहिजे. द्वादशीला पिकली तर कोण घेणार? एका वर्षी ऊब जास्त झाली. केळी वरून हिरवीच राहिली आणि आतून मऊ पडली. उसने पैसे काढून माल भरला होता. तो गुरांना घालावा लागला. त्या वर्षी घरात कोणालाच नवे कपडे घेतले नाहीत, असे आजी सांगते.

धूर की ऊब?

मला वाटायचं, केळी उबेनेच पिकते. पण गुरुजींनी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लोक हिरवी लिंबे बंद खोलीत ठेवून रॉकेलचे स्टोव्ह पेटवायचे. लिंबे पिवळी व्हायची. ऊब मिळते म्हणून होतात, असे सर्वांना वाटे. मग काहींनी स्टोव्ह काढून दुसऱ्या रीतीने खोली गरम केली. ऊब तेवढीच, पण लिंबे हिरवीच! १९२४ साली फ्रँक डेनी या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की स्टोव्हच्या धुरात इथिलीन नावाचा वायू असतो आणि त्यानेच लिंबे पिवळी होतात. पुढे १९३४ साली रिचर्ड गेन यांनी सिद्ध केले की पिकणारे फळ स्वतःसुद्धा हा वायू सोडते. म्हणून तर आजी कच्च्या आंब्यांत एक पिकलेला आंबा ठेवते.

मग ऊब कशाला? तर धुराचे काम पिकणे सुरू करून देण्याचे. ते नीट होणार की बिघडणार, हे उबेवर ठरते. केळीला सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअस उष्णता चांगली मानवते. १३ अंशांच्या खाली गेली तर साल काळपट पडते. ३० अंशांच्या वर गेली तर आबांच्या मालासारखे होते. शिवाय पिकताना केळी स्वतःच गरम होते. म्हणजे खोली आणखी तापते आणि केळी आणखी लवकर पिकते. म्हणून कोणीतरी सारखे लक्ष ठेवायला पाहिजे.

आग हवेवर चालते

निखाऱ्याला फुंकर घातली की तो लाल होतो. राखेने झाकला की मंद होतो. पाणी तापवायच्या बंबाचे खालचे दार उघडे ठेवले तर कोळसा भराभर पेटतो, लोटले तर हळू जळतो. म्हणजे कोळसा तोच, पण हवा जास्त तर उष्णता जास्त, हवा कमी तर उष्णता कमी. आग सांभाळणे म्हणजे हवेचे दार सांभाळणे. आता हे दार माणसाऐवजी दुसऱ्या कोणी उघडले-मिटले तर?

चारशे वर्षांपूर्वीची युक्ती

हॉलंड देशात कॉर्नेलिस ड्रेबेल नावाचे संशोधक होते (जन्म १५७२, मृत्यू १६३३). ते पुढे इंग्लंडमध्ये राहिले. त्यांनी कोंबडीशिवाय अंडी उबवायची पेटी केली. पेटीखाली विस्तव होता. आत काचेच्या नळीत मद्यार्क आणि पारा होता. पेटी जास्त तापली की मद्यार्क फुगायचा आणि पाऱ्याला ढकलायचा. पारा वर चढला की एक काठी उचलली जायची. काठीला झडप जोडलेली होती, ती मिटायची. हवा कमी झाली की विस्तव मंदावायचा. पेटी निवली की पारा उतरायचा आणि झडप पुन्हा उघडायची. वीज नाही, माणूस नाही, तरी विस्तव आपोआप सांभाळला जायचा!

यात तीन कामे आहेत:
१. उष्णता किती आहे ते बघणे.
२. पाहिजे तेवढी आहे का ते ताडणे.
३. झडप उघडणे किंवा मिटणे.

आबा हीच तीन कामे हात, डोके आणि दार वापरून करायचे.

आजची साधने

परदेशात मासे आणि मांस कोळशाच्या धुरावर शिजवायच्या पेट्या असतात. आत तासन् तास सुमारे ११० अंश उष्णता ठेवतात. काही पेट्यांना छोटा विजेचा पंखा आणि उष्णता मोजणारी तार जोडतात. उष्णता कमी झाली की पंखा कोळशाला वारा घालतो, पुरेशी झाली की थांबतो. पण पंखा थांबला तरी निखारा लगेच विझत नाही. उतारावर सायकलचा ब्रेक आधीच दाबावा लागतो, तसा पंखासुद्धा ११० अंश व्हायच्या थोडा आधीच मंद करावा लागतो.

आपल्याकडे आता केळी पिकवायला शीतगृहासारख्या खोल्या झाल्या आहेत. त्यांना रायपनिंग चेंबर म्हणतात. तिथे शेगडी नसते. इथिलीन वायू मोजून सोडतात. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत तो वापरायला परवानगी आहे. खोली तापली की यंत्र आपोआप गार हवा सोडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तरी आत १८ अंश राहतात. कार्बाइडने फळे पिकवायला मात्र कायद्याने बंदी आहे. ते आरोग्याला घातक असते.

मी आबांना विचारलं, "यंत्र आलं, मग तुमचं काय काम?" ते म्हणाले, "यंत्राला १८ चा आकडा कोणी सांगितला, बाळ? माल कवळा का जून, हे बघून आकडा माणूसच लावतो. यंत्र फक्त रात्री जागतं. तेवढं झालं तरी पुष्कळ."

करून बघा (मोठ्या माणसांसोबत)

एका बाजूला चांदी आणि दुसऱ्या बाजूला कागद असलेले गोळीचे वेष्टन घ्या. त्याची बोटभर लांब, अरुंद पट्टी कापा. चिमट्यात धरून पेटत्या दिव्याच्या वर, वीतभर उंच धरा. पट्टी कागदाच्या बाजूला वाकते. कारण तापल्यावर चांदीची बाजू जास्त लांबते. बाजूला घ्या, ती बरीचशी सरळ होते. घरच्या विजेच्या इस्त्रीत दोन धातूंची अशीच जोडपट्टी असते. तापली की वाकते, वीज तुटते आणि दिवा विझतो. निवली की वीज पुन्हा सुरू होते.

सावधान!

बंद खोलीत कोळसा किंवा गोवऱ्या जळल्या की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. तो दिसत नाही आणि त्याला वास नसतो. माणूस झोपेतच दगावतो. आबा भट्टीचे दार उघडून बराच वेळ वारा दिल्याशिवाय कोणालाच आत जाऊ देत नसत. थंडीत पेटती शेगडी घेऊन दार-खिडक्या लावून कधीही झोपू नका. ही झडप आपोआप उघडत नाही, खिडकी आपणच उघडायची असते. पालकांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

प्रश्न (उत्तरे वहीत लिहून फलकाखालच्या पेटीत टाका)
१. फक्त ऊब देऊन लिंबे पिवळी का झाली नाहीत?
२. ड्रेबेल यांच्या पेटीत झडप कशामुळे मिटायची?
३. तुमच्या घरात आपोआप बंद-चालू होणारी कोणती वस्तू आहे?

— इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी