नाबोथाचे वतन आणि आपली पिशवी

शास्त्रपाठ : १ राजे २१:१-१६



पोलादपूर तालुक्यातील एका कातकरी वाडीवर आमचा शिवणवर्ग चालतो. गेल्या नाताळासाठी कापडी पिशव्या करायच्या होत्या. ‘आदिवासी’ दिसाव्यात म्हणून मी बाजारातून वारली चित्राचा ठसा आणला. पहिली पिशवी हातात घेऊन एक बाई म्हणाली, “ताई, ह्ये लगीन कुनाचं? आमचं न्हाय.” मला उत्तर देता आले नाही.

ठशावर लग्नचौक होता. डहाणू-तलासरीकडे वारल्यांच्या लग्नात सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने हा चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते. चौकावाचून लग्न लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले.

अहाब राजाने नाबोथाला द्राक्षमळ्याची किंमत देऊ केली, बदल्यात चांगला मळाही देऊ केला. नाबोथ नाही म्हणाला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. राजाला तिथे भाजीपाल्याची जागा दिसली. मलाही चौकात नुसती नक्षी दिसली. अहाबाने आधी निदान विचारले तरी होते. मी तेही केले नाही.

कोणी म्हणेल, देवीचे चित्र म्हणून ते टाळावे. मला वाटते, ते दुसऱ्या कोणाला पवित्र आहे, एवढे कारण पुरे. शिवाय ज्यांच्या झोपडीखालची जमीनही बहुधा दुसऱ्याची, त्या कातकरी बहिणींना मी दुसऱ्याचीच ओळख चिकटवत होते.

ठसा बाजूला ठेवून मी विचारले, “मग तुमची खूण कोणती?” बाया हसल्या. एकीने खडूने कापडावर चिंबोरी काढली, सावित्रीच्या पात्रात त्या पकडतात तशी. दुसरीने खैराचे पान काढले. खैराच्या कातावरूनच त्यांच्या जमातीचे नाव पडले. तीच चित्रे टाक्यांनी भरली. पिशव्या कमी झाल्या, मागणीही थोडी घटली. पण करणारीला आपले काम ओळखता येते.

वारली चित्र हवे असेल, तर वारली चित्रकाराकडूनच, त्याच्या नावासह आणि योग्य दाम देऊन घ्यावे.

विचार करा : माझ्या घरातील एखादी वस्तू कोणाच्या वतनातून आली आहे? त्यांना विचारले होते का?

प्रार्थना : प्रभू, शेजाऱ्याचे वतन ओळखणारी दृष्टी आम्हांस दे. आमेन.