सुरतेच्या बाजारात माझी शिकवणी

१. सुरत म्हटलं की मराठी डोक्यात आधी १६६४ येतं. भागळच्या गर्दीत शिरताना मीही मनात किल्ला आणि वखारी मांडत होतो. पण तळणीचा वास आला आणि वखारी मागे पडल्या. शिवाजी महाराज इथं आले ते जानेवारीत, म्हणजे ऐन पोंकाच्या, इथल्या हुरड्याच्या, दिवसांत, हे कुठल्याच शिक्षकांनी सांगितलं नव्हतं.

२. काय खायचं ते आपण ठरवत नाही, घड्याळ आणि पंचांग ठरवतं. लोचो सकाळचा. वाफवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा हा मऊ लगदा, वर तेल, शेव, कांदा. बिघडलेल्या खमणातून तो जन्मला असं सांगतात. घारीचा खरा दिवस चंदनी पडवा, म्हणजे आपल्या कोजागरीचा दुसरा दिवस. आपण दूध पिऊन झोपतो. सुरतकर दुसऱ्या रात्री घारी आणि भुसुं नावाचं फरसाण घेऊन सरळ फूटपाथवर बैठक मारतात. मावा, सुकामेवा आणि वर गोठलेल्या तुपाचा थर! अर्ध्या घारीत माझा ‘मी भरपूर खातो’ हा जुना दावा निकालात निघाला.

३. पोंकानं माझा हुरड्याचा अभिमान जरा सैल केला. हुरडा आमचा, शेकोटी आमची, शेत आमचं, अशी आपली समजूत. हुरड्याच्या ज्वारीत गुळभेंडीच्या जोडीला ‘सुरती’ वाण असतं, ते नाव मी वर्षानुवर्षं विचार न करता उच्चारत आलो. आपण हुरड्यासाठी शेतात जातो, इथं हिवाळ्यात शेतच तापीकाठच्या हातगाड्यांवर येतं. कोवळी कणसं निखाऱ्यात भाजायची, झोडपून दाणे मोकळे करायचे, आणि सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. वर ताक. शेंगदाण्याची चटणी मागायचा मोह मी आवरला. उरलेल्या पोंकाचे वडे होतात म्हणे; माझ्या पानात काही उरलं नाही.

४. इथल्या कित्येक चवी परक्यांनी मागे ठेवलेल्या आहेत. नानपुऱ्यातली दोतीवाला बेकरी १८६१ची. डच गेले, त्यांच्या भट्ट्या पारशी कुटुंबाकडे आल्या. ताडीनं आंबवलेला पाव स्थानिकांना चालेना, म्हणून तो सुकवून विकू लागले, त्यातून बिस्किटं आणि बटासे आले, अशी कथा आहे. तापीपलीकडे रांदेरमध्ये तर रंगूनच दिसतं. इथले व्यापारी ब्रह्मदेशात पेढ्या चालवत, परतले तेव्हा खाउसे घेऊन आले. रमजानच्या संध्याकाळी नारळाच्या दुधातल्या त्या शेवयांपुढे उभा असताना ‘अस्सल सुरती काय?’ हा माझा प्रश्न मलाच पोरकट वाटला.

५. परका तर मीही नव्हतो. एका गाडीवर मी जुळवून-जुळवून गुजराती बोललो. गाडीवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “काय जोयजे, दादा?” अस्सल अहिराणी! उधना, लिंबायतच्या वस्त्यांत खानदेशातली माणसं लूमच्या कामासाठी येऊन स्थिरावलीत, हे वाचून माहीत होतं. जिभेवर उमगलं ते आता. मी जळगावकडचा म्हटल्यावर त्यानं न विचारता मिरचीचा हात सैल सोडला, आणि पाणी मात्र मलाच मागावं लागलं.